चाल

दुकानातल्या पोरानं पहिला जोड
त्याच्या कानांवर चढवला, काळा, मऊ, दोन उशांसारखा,
आणि बटण दाबलं.
विल्मार दचकलाच.
"समुद्र कुठे गेला?"

दुकान किनाऱ्यापासून सहा गल्ल्या आत.
मला तिथून कधी समुद्र ऐकू आलेला नाही.
(नदी आहे ती खरं तर. आम्ही मोन्तेविदेओची माणसं
जसा वारा असेल तसं म्हणतो.)
पण त्याच्या कानात तो जुन्या फ्रिजसारखा
चालूच असणार. बंद पडल्यावर कळलं.

"आजोबा, हीच तर खुबी," ब्रायान म्हणाला,
"बाहेरचं काही म्हणता काही आत येत नाही."
मागून येणारी सायकल? मी विचारलं.
आणि मागून येणारी माझी हाक?
हे नाही विचारलं.

दुसरा जोड शेंगदाण्याएवढा.
मान वळवली की टपकन काउंटरवर.
तिसरा कानात शिरतच नाही,
गालाच्या हाडावर टेकून बसतो
आणि गाणं हाडातून सोडतो.
"हाडातून?" विल्मार माझ्याकडे बघत म्हणाला,
"म्हणजे ढोलासारखं."
घेतला. घासाघीस मी केली. सहा हप्ते.

मार्चमध्ये त्याच्या छातीचं हाड कापून
तारेनं शिवलंय.
डॉक्टर एचेगाराय म्हणाले, चाला,
रोज चाळीस मिनिटं, नाडी एकशे दहाच्या आत.
आणि तो ढोल आता खांद्यावर नको.
तो ढोल म्हणजे पियानो,
कान्दोंबेच्या तीन ढोलांतला सगळ्यात जाड आवाजाचा.
आमच्या गल्लीत तो चालत चालतच वाजवतात,
शेकोटीवर कातडं तापवून,
एका हातात काठी, दुसरा पंजा मोकळा.
डॉक्टरांनी चालणं ठेवलं, वाजवणं काढून घेतलं.
दोन्ही एकच होतं, हे त्यांना कोण सांगणार?

नातीनं यादी करून दिली.
मिनिटाला एकशे पंधरा ठोके, सगळी गाणी
एका कार्डावरच्या बटणांसारखी, एकाच मापाची.
विसाव्या मिनिटाला हा घरी.
"यामिलाची गाणी मागून ढकलतात गं,
वसुलीला आल्यासारखी."
मग टँगो लावून पाहिला.
दर बाकापाशी बसावंसं वाटायला लागलं.
मी म्हटलं, पैसे पाण्यात.

आणि मग गुरुवारपासून पन्नास मिनिटं.
पंचावन्न.
माझा जीव थाऱ्यावर नाही. रविवारी मागून गेले.

काखेत थर्मास, त्याच हातात मातेचा पेला,
इथला माणूस आंघोळीलाही तसाच जात असेल.
म्हणून एकच हात हलत होता.
पण कसा हलत होता!
कमरेशी खाली, मग जरा बाहेर,
बोटं कशावर तरी मिटलेली.
आणि पाऊल आखूड, अर्धा बूट घासत,
आमच्या गल्लीची चाल.

मी गाठलंच. न बोलता त्यानं ते यंत्र
काढून माझ्या गालांवर टेकवलं.
चिको. रेपिके. दोनच ढोल.
गेल्या महिन्यात पोरांनी फुटपाथवर वाजवलेले,
मागे कुणाचा तरी कुत्रा भुंकतोय.
तिसऱ्याची जागा तशीच रिकामी
आणि तिच्यात, उघड्या कानांनी,
लाटा,
आणि दगडावर घासणारे त्याचे बूट.

मी मनगट धरलं, मोजलं. एकशे अठरा.
जे बोलायचं ते बोलले.
त्यानं कान दिला नाही, यंत्र तर माझ्याच गालावर होतं.

मग म्हटलं, बरं, सावकाश.
आणि तो थर्मास इकडे दे.

एकेचाळीस वर्षांत त्यानं तो
कुणाच्या हातात दिला नव्हता.
जरा वेळ नुसता बघत राहिला.
मग दिला. पेलासुद्धा.
दोन्ही हात मोकळे करून
पुढे निघाला.